पाटलांनी ओढलेली मिशी

एका गावात एक पाटील होते. "मला आजवर कुणी फसवलेलं नाही," हे ते इतक्यांदा म्हणत, की त्यांच्या बैलांनाही ते पाठ झालं असावं.

त्या गावात सावित्रा नावाची एक चितारीण आली. तिनं धर्मशाळेच्या भिंतीवर एक कोनाडा रंगवला आणि कोनाड्यात ताकानं भरलेला पितळी तांब्या. भर उन्हात पाटील तिथं आले. त्यांनी तांब्याला हात घातला आणि बोटं भिंतीवर आपटली.

पारावरची माणसं खो खो हसली. सावित्रा म्हणाली, "पाटील, तुमचा हात पुढे आला, हीच माझी बिदागी!"

"छे! भिंत पक्की आहे का, ते बघत होतो," पाटील बोटं चोळत म्हणाले.

पण तेव्हापासून त्यांचा कशावरच भरवसा राहिला नाही. ताटातल्या भाकरीला ते आधी टिचकी मारत. दारातून शिरताना आधी काठी आत घालत.

पाटलीणबाई म्हणाल्या, "अहो, एकदा फसलो म्हणा आणि मोकळे व्हा."

"मी? आणि फसलो?"

पुढं पाटलांच्या लेकीला बघायला पाहुणे यायचे ठरले. मुलाचे वडील जरा आधीच पोहोचले आणि धर्मशाळेच्या भिंतीला टेकून, डोळे मिटून बसले. उंच फेटा, पिळदार मिशा, हलणं नाही की डुलणं नाही.

पाटील पाहुण्यांना आणायला निघाले होते. ते थबकले. "अस्सं! आता माणूस रंगवलाय होय?"

शिडीवरून सावित्रा ओरडली, "पाटील, ते खरे आहेत!"

"पुन्हा फसवतेस? रंग बरा जमलाय, पण मिशी जरा जास्तच झालीय." असं म्हणून पाटलांनी मिशी धरून ओढली.

चित्र बोंबललं.

"असल्या घरात सोयरीक नको!" म्हणत पाहुणे तरातरा गाडीकडे निघाले. 'मिशीवर माशी बसली होती,' असं पाटलांच्या अगदी ओठांवर आलं. पण लेकीचा चेहरा डोळ्यांपुढं आला आणि ते धोतर सावरत धावले.

"थांबा! मी फसलो हो! आधी चित्राला खरं समजलो. ते लपवता लपवता आज खऱ्या माणसाला चित्र समजलो."

पाहुणे मिशी चोळत त्यांच्याकडे बघत राहिले, मग पोट धरून हसले. "काहीबाही कारण सांगितलं असतंत, तर ही गाडी थांबली नसती. चला, मुलगी दाखवा. फक्त तुम्ही जरा लांब बसा!"

तात्पर्य: फसण्यात लाज नाही, पण फसलो म्हणायची लाज वाटू लागली, की समोरचं खरंही खोटं दिसतं.