घंटेला वीज लागत नाही

"आणि घंटा? ती धरलीस का हिशेबात?"

भंते धम्मसारांचा प्रश्न ऐकून सुमेध हसला.

"भंते, घंटेला वीज लागत नाही."



सकाळचे साडेसहा वाजायला आले होते. टेकडीवरच्या विहारात पौषातली थंडी. दोघे जिन्याखाली, विजेच्या नव्या पॅनेलसमोर उभे होते. शेजारीच सकाळच्या अंघोळीची पितळी घंटा टांगलेली. वरच्या मजल्यावर छत्तीस खोल्या, छत्तीस साधिका. खाली यायला जिना हा एकच. दहा दिवसांचं मौन कालच सुरू झालं होतं.

अकराव्या खोलीत सुमेधची आई होती.

मागच्या हिवाळ्यात इथे गार पाण्याने अंघोळ करून ती दम्याने महिनाभर अंथरुणाला खिळली होती. म्हणून सुमेधने या वर्षी दारोदार फिरून गीझर मिळवले. इंजिनिअर होऊन त्याला सहा महिने झाले होते. लोडचा हिशेब त्याचा, केबलही त्यानेच निवडलेली. आता वीज खात्याच्या अर्जावर फक्त भंतेंची सही राहिली होती.

"सही करा ना, भंते. साधा हिशेब आहे. छत्तीस गीझर, प्रत्येकी दोन किलोवॅट. तीन फेज. एकेका फेजवर बारा."

"बारा मिळून किती ओढतील?"

"सगळे एकदम लावले तर एकशे चार अँपिअर. पण एकदम कोण लावतं? कोणी लवकर उठतं, कोणी लोळत पडतं. शंभरातले चाळीस एका वेळी चालू धरायचे. पुस्तकात आहे. म्हणजे झाले बेचाळीस. मी केबल पन्नासची टाकलीय."

"पुस्तकात आहे…"

"तुमच्या वेळी नसेल."

भिक्खूचं चीवर घेण्याआधी भंते बावीस वर्षं लाइनमन होते. त्यांनी सुमेधच्या हातातला टाँग टेस्टर उघडून मधल्या, परतीच्या न्यूट्रल तारेभोवती अडकवला. तारेला चिमट्यासारखं धरलं की आतला प्रवाह आकड्यात दाखवणारं ते यंत्र.

मग लाकडी मोगरी उचलली आणि घंटेवर एकच टोला दिला.

वर छत्तीस कड्या निघाल्या. मग छत्तीस बटणं दाबली गेली.

आवाज एकच आला.

सुमेधने मान वर केली. मग घाईने यंत्राकडे पाहिलं. आकडा होता एक.

"बघा! न्यूट्रल जवळजवळ शून्य! तिन्ही फेज अगदी तराजूसारख्या तोलल्यात, भंते!"

भंतेंनी यंत्र तिथून काढलं आणि पहिल्या फेजच्या तारेवर लावलं.

एकशे तीन.

सुमेधने डोळे चोळले. दुसरी फेज. एकशे चार. तिसरी. एकशे तीन.

"यंत्र बिघडलंय."

"तुझंच आहे."

"मग फ्यूज का जात नाही?"

"जाईल. त्याला तुझ्याइतकी घाई नसते."

चौथ्या मिनिटाला वास आला. रबर भाजल्यासारखा. केबलचं काळं आवरण पॅनेलच्या तोंडाशी चकाकू लागलं, मऊ होऊ लागलं… सुमेधने जिन्याकडे पाहिलं. लाकडी जिना. केबल त्याच्याच पोटाखालून वर गेलेली. तिथून न्यायचं त्यानेच ठरवलं होतं, कारण तार कमी लागत होती.



भंतेंचा एक हात मेन स्विचच्या दांड्यावर होता. टोला दिल्यापासून तिथेच होता.

"तू ओढ," ते म्हणाले.

सुमेधने दोन्ही हातांनी दांडा खाली ओढला.

सगळं शांत झालं…

थोड्या वेळाने वर पाणी पडू लागलं. एका खोलीत, मग सगळ्याच खोल्यांत. पाणी जेमतेम कोमट झालं असेल. कोणी हाक मारली नाही, कोणी तक्रार केली नाही.

"आई!" सुमेध जिन्यातून ओरडला. "आई, थांब! पाणी गार आहे!"

अकराव्या खोलीच्या बाजूने खोकल्याची एक उबळ आली, आणि मग पुन्हा पाण्याचा आवाज.

सुमेध पायरीवर बसला. हातातला अर्ज चुरगळला होता.

"एकही मागे नाही… छत्तीसच्या छत्तीस…"

भंते केबलवरून बोट न लावता हात फिरवत होते, उष्णता पाहत.

"मी दुप्पट जाड केबल टाकतो, भंते. आजच काढतो ही. जिन्याखालून नेणार नाही. नवा हिशेब करून आणतो, मग सही करा."

त्याने टाँग टेस्टर मागायला हात पुढे केला.

भंतेंनी त्या हातात मोगरी ठेवली.

"उद्यापासून घंटा तू वाजव. हिशेब मग."