तीन टोपल्या कंद

“यंदा सातच कळ्या धरल्या आहेत. सूनबाईंच्या कानी जाऊ देऊ नकोस.”

एका राज्यात राणी भद्रावती आपल्या माळ्याला असे म्हणाली, तेव्हा सूनबाई भिंतीपलीकडेच केस वाळवीत बसल्या होत्या. नाव मंजुघोषा, पण लग्नाला चार दिवस झाले तरी तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. त्यामुळे तिला ऐकूही कमीच येत असावे, असा राजवाड्यात समज होता.

गोष्ट अशी होती. राजपुत्र अरिंजय पाळण्यात असताना कालकेतू मांत्रिकाने राजवाड्यातल्या पांढऱ्या लिलीचा एक कंद मागितला. राणी म्हणाली, आमची लिली वेशीबाहेर जात नाही. कालकेतू रागावला नाही. “मग या राज्यात तुमची लिली जितके दिवस फुललेली असेल, तितकेच दिवस तुमचा मुलगा जागा राहील,” एवढे बोलून तो गेला. तेव्हापासून शेवटचे फूल सुकले की राजपुत्र झोपे, तो पुढच्या बहरात उठे. लग्न अर्थातच बहरात लावले. मुलीकडच्यांना सांगितले, मुलगा जरा झोपाळू आहे.

राणीने धसक्याने वाफ्याभोवती भिंत घातली, पहारा बसवला, कंदांना कुणाचा हात लागू दिला नाही. वर्षागणिक पाने वाढली, फुले घटली.

मंजुघोषेचे माहेर लहानसे राज्य. तिथे राजकन्येलाही खुरपे धरावे लागे. दाटलेला कंद नुसती पाने काढतो, हे तिला ठाऊक होते. भिंतीवरच्या एका साळुंकीने तिला शापाची हकीकत सांगितली आणि म्हटले, “खणशील तर तीन टोपल्या भरतील. एक न्यावी डोंगरावर, जिथे बहर लवकर येतो. एक दरीत, जिथे उशिरा येतो. आणि एक तिथे, जिथे ऋतू घरधन्याचे ऐकतात.”

सात फुले नऊ दिवस पुरली. नवव्या दिवशी राजपुत्र तिला सोंगट्या शिकवत होता. फासे त्याच्या हातातच राहिले. तिने ते हळूच सोडवून घेतले, अंगावर पांघरूण घातले आणि परसातून कुदळ आणली. पहारेकरी भरदुपारी पेंगत, हे तिने पाहून ठेवले होते.

एक टोपली डोंगरावरच्या धनगरणींत वाटली, दुसरी दरीतल्या कुंभारांत. तिसरी घेऊन ती कालकेतूच्या दारी गेली. त्याच्या अंगणात एका कोपऱ्यात ऊन तापले होते, दुसऱ्यात दव पडत होते.

“राणीने पाठवले?”

“नाही. मी आणले.”

“बोललेला शाप मलाही मागे घेता येत नाही.”

“मागे घ्या म्हटले नाही. लावा.”

त्याने लावले.

इकडे उघडा वाफा पाहून राणीने अन्न सोडले. नणंदा म्हणाल्या, गाय म्हणून आणली, घूस निघाली. राजाने तीनदा विचारले, का खणलेस? ती गप्प राहिली; फूल आल्यावाचून सांगण्याजोगे तिच्यापाशी काही नव्हते. पौषात तिला माहेरी कायमचे पोचवावे, असे ठरले.

पालखी दाराशी लागली, त्याच सकाळी कालकेतूच्या अंगणात पहिली कळी उमलली आणि राजपुत्र उठून बाहेर आला. हिवाळा त्याने कधी पाहिलाच नव्हता. हातावरच्या शहाऱ्यांकडे बघत तो म्हणाला, “हे काय होते आहे मला?”

पुढे वर्षभर या ना त्या अंगणात लिली फुलत राहिली, आणि वर्ष भरताच शाप, काम उरले नाही म्हणून, निघून गेला. पण ते पुढचे. त्या सकाळी कुठेतरी लिली फुलली हे ओळखून राणीने आधी शिपाई बोलावले आणि असतील तिथून सगळे कंद उपटून राजवाड्यात परत आणायला फर्मावले. तेव्हा पालखीत ठेवलेला पाय काढून मंजुघोषा सासरच्या माणसांत पहिल्यांदा बोलली.

“कंद आता लावणाऱ्यांचे आहेत, आईसाहेब. तुम्ही आधी यांना शाल द्या. थंडी म्हणतात हिला.”