सासऱ्यांची पेंढी

ओढ्याकाठच्या एका गावात एक भोळा शेतकरी होता. नाव गोंदा. सांगितलेलं कधी विसरायचं नाही, एवढा एकच गुण त्याच्यात होता, आणि सगळा घोटाळा त्यातूनच व्हायचा.

त्याच्या दारात एक गाभण म्हैस होती. बायकोच्या, म्हणजे हौसाच्या माहेरची. ती बांधून जाताना सासरे, आबा, मिशीला पीळ देऊन म्हणाले होते, "जावईबापू, अक्षय्य तृतीयेला येतो. म्हशीची एक बरगडी जरी दिसली तरी दावं सोडून परत नेईन." आबांची मिशी दोन्हीकडून कानापर्यंत जायची. पंचक्रोशीत तिला मान होता.

तेव्हा चाऱ्याची सोय हवी. माघात गोंदा बियाण्याच्या दुकानात गेला. नेमूशेटनी संकरित चारा ज्वारीची पिशवी पुढं केली.

"हे बघ," शेट म्हणाले, "कोवळी असताना म्हशीला घालू नको. कोवळी ज्वारी विष असते. फुलोऱ्यात आली की काप. चार बोटं बुडखा राख आणि लगेच पाणी दे. पहिल्यापेक्षा जोमानं फुटते."

"कोवळं विष. बुडखा राखायचा. लगेच पाणी."

"शाबास."

खरं तर दुकानदारानं शब्दसुद्धा तोलून द्यावेत. पिशवी परत घेता येते, शब्द नाही.

ज्वारी गुडघाभर झाली. हौसा म्हणाली, "बाजारला चाललायसा, तर भेंडी आणा. कोवळी बघून."

गोंदानं सगळा बाजार पालथा घातला आणि काठीसारखी भेंडी आणली. विकणारीनं खुशीनं वर दोन मुठी घातल्या. वाटेत त्यानं दोन बायकांना पिशवीतली कोवळी काकडी फेकायला लावली, ती वेगळीच.

"अवं, ही भेंडी हाय का सरपण?"

"कोवळं विष असतं. तुला काय झालं तर भाकरी कोण करंल?"

हौसानं कपाळावर हात मारला. "भाजी हिरवीगार आणावी. पाणी शिंपडून फडक्यात गच्च गुंडाळावी. आठ दिस टिकती."

"कळलं."

ज्वारी फुलोऱ्यात आली. गोंदानं अर्धं रान कापलं, चार बोटं बुडखा राखला, पाणी दिलं. इथवर नेमूशेट पाठीशी होते. पुढं हौसा आठवली. हिरव्यागार चाऱ्यावर त्यानं दहा घागरी पाणी शिंपडलं आणि सगळा ढीग ताडपत्रीत गच्च गुंडाळला.

आठव्या दिवशी ताडपत्री सोडली. वाफेचा लोट निघाला. आत काळा चिखल. म्हशीनं वास घेतला आणि तोंड फिरवलं.

हौसा रडकुंडीला आली. "आता निम्मंच ऱ्हायलं. ते तरी नासवू नका. ओला माल कधी गुंडाळायचा न्हाई. उन्हात पसरायचा. एक बाजू वाळली की उलटायचा. मग दोरीनं पेंढी बांधायची, बाहेर आलेली टोकं छाटायची आन् गोठ्याच्या कुडाला उभी करायची. ध्यानात ऱ्हाईल?"

"सगळं राहील."

आणि राहिलं. उरलेला चारा कसा खणखणीत वाळला. पेंढ्या कुडाला ओळीनं उभ्या राहिल्या. म्हैस खाऊन तुकतुकीत झाली. हौसाचा जीव भांड्यात पडला.

अक्षय्य तृतीया उजाडली. हौसा दळण आणायला गिरणीत गेली. जाताना म्हणाली, "आबा आलं तर चांगली बडदास्त ठेवा. म्हैस त्यांच्या हातात हाय."

आबा आले. पण रानातला पाट ओलांडताना पाय घसरला, आणि पागोट्यापासून धोतरापर्यंत चिंब होऊन ते दारात उभे राहिले.

"जावईबापू, काहीतरी कोरडं द्या गुंडाळायला."

"ओलं गुंडाळायचं न्हाई, मामा. आत कुजतं. उन्हात पडा."

म्हातारा पहाटेपासून चालून दमलेला. सकाळचं ऊनही बरं वाटलं. खळ्यावर आडवे झाले ते घोरायलाच लागले. थोड्या वेळानं गोंदानं त्यांना पालथं केलं.

हौसा दळण घेऊन आली. "आबा आलं न्हाईत?"

"आलेत की. वाळवून ठेवलेत."

हौसा गोठ्याकडे धावली. कुडाला पेंढ्यांची ओळ, आणि ओळीच्या शेवटी आबा. तीन जागी दोरीनं आवळलेले. नुकतेच जागे झालेले. तोंडाकडे बघून हौसानं डोक्यावरचं पीठ खाली टाकलं. मिशी नव्हती. जागेवर नुसते खुंट होते.

"टोकं बाहेर आलेली," गोंदा म्हणाला.

"सोड मला," आबा दबक्या आवाजात म्हणाले. "आधी मला सोड. मग म्हशीला सोड. आत्ताच्या आत्ता घेऊन जातो."

हौसानं दोऱ्या सोडल्या. म्हैस जाणार म्हणून डोळ्यांत पाणी. "अवं, काय केलंत हे? आबांची मिशी आता परत कशी यायची?"

गोंदाचा चेहरा उजळला. याचं उत्तर त्याला ठाऊक होतं.

"येती की. बुडखा राखलाय."

आणि त्यानं म्हशीपुढची पाण्याची बादली उचलून आबांच्या तोंडावर रिकामी केली.

आबा पुन्हा नखशिखांत भिजले. गोंदानं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग आभाळाकडे बघून ऊन कुठं आलंय ते पाहिलं आणि खाली पडलेली दोरी उचलली.

आबा जे पळाले ते ओढा ओलांडून पलीकडे गेल्यावरच थांबले. म्हैस न्यायची राहूनच गेली.