पाण्याखालचा खुंटा

लहानग्यांनो, आणि लहानग्यांना मांडीवर घेऊन बसलेल्या थोरांनो, फार फार पूर्वीची ही गोष्ट. एका राज्याचं शेवटचं गाव खाडीच्या काठी होतं. तिथवर राजाचा हुकूम चालायचा. त्यापुढे भरती-ओहोटीचा.

त्या गावात एक सून नव्याने नांदायला आली होती. नव्याने म्हणजे दोन वर्षं झाली होती, कडेवर तान्ही लेकही होती. पण खाडीकाठी दोन वर्षं म्हणजे काहीच नाही. माहेर डोंगरापलीकडे, घाटावर. म्हणून सारं गाव तिला ‘घाटावरची’ म्हणे.

घाटावरची हुशार होती, कामसू होती. एकच खोड होती. काळजी करण्यात तिचा हात कुणी धरला नसता. लेक रडली की पोट दुखतंय म्हणून काळजी, रडली नाही की आवाज बसला म्हणून काळजी. एक भाकरी छान फुगली की पुढची करपणार, हे तिने धरूनच ठेवलेलं. आणि आपण फार काळजी करतो, याचीही तिला मधूनमधून काळजी वाटायची.

एके दिवशी तिच्या नवऱ्याला राजाच्या जहाजावर बोलावणं आलं. लाकूड पोचवायचं होतं, महिनाभराचं काम. निघताना तो म्हणाला, “होडी तुझ्या हवाली. खुंट्याला बांध, दोरी सैल ठेव. घर तिच्यावर चालतं. ती गेली तर चूल विझली म्हणून समज.”

नवरा गेला आणि घाटावरची विचारात पडली. खुंटा समजला. आजेसासऱ्याने खाडीच्या चिखलात पुरुषभर खोल रोवलेला तो जाडजूड खुंटा ती रोज पाहत होती. पण दोरी सैल? तिच्या माहेरी गाईचं दावं सैल सोडलं की गाय शेजाऱ्याच्या ज्वारीत शिरायची, आणि संध्याकाळी शेजारी दारात उभा. चूल विझायची भीती घालतात आणि वर दोरी सैल ठेवायला सांगतात, असं कुठे असतं?

तिने आपल्या अकलेने होडी बांधली. भरती पुरी चढली होती, तेव्हा दोरी आखूड धरून खुंट्याच्या शेंड्याशी गच्च आवळली. वर तीन गाठी. मग टेकाडावरच्या देवळात जाऊन देवाला नारळ ठेवला आणि म्हणाली, “देवा, तूच रे बाबा.”

दुपार कलली आणि पाणी उतरलं. होडी मात्र उतरेना. नाक खुंट्याला टांगलेलं, बूड चिखलात, आणि आतलं जाळं, वल्ही, टोपली सगळं घसरून गाळात.

शेजारचा जाळीवाला काठावर उभा राहून पोट धरून हसला. “घाटावरचे, होडीचं दूध काढायचंय काय गो? अशी बांधलीस ती?”

घाटावरची वळली. तडक देवळात गेली आणि देवापुढचा नारळ उचलला.

गुरव पाहतच राहिला. “अगो, देवाला दिलेलं परत नेतेस?”

“त्याने तरी कुठे सांभाळलं?” ती म्हणाली. मग दारापर्यंत जाऊन थबकली, मागे आली, नारळ फोडला, आणि एक वाटी देवापुढे ठेवली. अगदीच संबंध तोडायला नकोत.

दुसऱ्या दिवशी तिने चूक सुधारली. ओहोटीला होडी चिखलात टेकली असताना खुंट्याच्या बुडाशी गच्च बांधली. आता टांगली कशी जाते बघू. मग भरती आली. सगळ्या होड्या वर उठल्या, हिची तेवढी नाक खाली दाबलेल्या म्हशीसारखी पाणी पिऊ लागली. करवंटीने पाणी उपसता उपसता तिचे हात भरून आले. त्या दिवशी ती देवळाकडे फिरकलीसुद्धा नाही.

दोन दिवस पलीकडच्या बाजाराला गेलेली सासू तेव्हा परतली. मासळी विकून विकून जिभेला धार आलेली बाई, पण मनाने मऊ. तिने होडीची अवस्था पाहिली, सुनेचं तोंड पाहिलं, आणि पाटी खाली ठेवली.

“गुरव भेटला वाटेत. तुझा देवावर राग आहे म्हणे.”

“आये, पाणी चढलं की वाटतं देव आहे. उतरलं की वाटतं उठून गेला. मी तरी काय करू?”

“पाणी चढतं-उतरतं ते त्याचं कामच आहे. खुंटा कधी हललेला पाहिलास?”

“नाही.”

“मग गाठ खुंट्याशी घट्ट हवी, दोरी लांब हवी. होडीला वर जाऊ दे, खाली येऊ दे. तू मध्ये पडू नकोस.” असं म्हणून तिने ओहोटीत उतरून स्वतः गाठ मारली आणि दोरी भरपूर सोडली.

त्यानंतर होडी सुखात राहिली. वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. घाटावरची मात्र दिवसातून दहादा काठावर जाऊन खुंटा मोजल्यासारखा बघायची. एकच होता, तरी.

मग पौर्णिमा आली. भर दुपारी, सूर्य डोक्यावर असताना, खाडीला उधाण आलं. वरून समुद्राकडचा वारा. पाणी रोजच्या खुणेवर आलं, थांबलं नाही. काठावरच्या पायऱ्या गिळल्या, माडांच्या बुंध्यांशी पोचलं. घाटावरची धावत काठावर आली.

खुंटा नव्हता.

जिथे खुंटा असायचा तिथे नुसतं पाणी भोवरे काढत होतं. होडी लाटांवर नाचत होती.

तिने लेकीला सासूच्या कडेवर दिलं, कोयता घेतला आणि पाण्यात शिरली. गुडघाभर, कंबरभर, छातीभर. खुंटा उखडला, आता तो वाहत जाईल आणि होडीला ओढून नेईल, असं तिच्या मनाने घेतलं. दोरी तोडायची आणि होडी हाताने ओढून माडाला बांधायची.

पलीकडे जाळीवाल्याच्या मनात तेच आलं होतं. त्याचाही खुंटा दिसत नव्हता. त्याने सपकन दोरी तोडली आणि होडीचं नाक दोन्ही हातांनी धरलं. पाण्याने एक हिसका दिला. हात तिथेच राहिले, होडी गेली. बघता बघता ती खारफुटीच्या वळणाआड दिसेनाशी झाली.

घाटावरचीने हे पाहिलं, तरी तिचा कोयता वर उचललेलाच होता. त्याची होडी गेली, आपलीही जाणार. आपल्या हाताने गेलेली बरी की आपोआप?

काठावरून सासू ओरडली, “अगो, खुंटा गेला असता तर होडी इथे कुणाच्या भरवशावर नाचते?”

कोयता तसाच राहिला. तिने पाहिलं. खरंच, होडी नाचत होती, पण जागा सोडत नव्हती. वारा तिला ढकलायचा, ती थोडी जायची, आणि कुणी हाक मारल्यासारखी वळायची.

तिने दुसरा हात लांब करून दोरीला लावला. दोरी ताठ होती. गर्दीत आईने मनगट धरावं, तशी खालून कुणीतरी ती धरून होतं. तिला काही दिसत नव्हतं. गढूळ पाणी, फेस, आणि हाताला लागणारी ती ओढ.

ती तशीच उभी राहिली. रुसून घरी बसले, त्या दिवशीही हा इथेच होता तर, असं तिच्या मनात आलं. आणि ते खुंट्याबद्दल होतं की देवाबद्दल, हे तिचं तिलाच नीट सांगता आलं नसतं. मग तिने दोरी सोडली, कोयता कमरेला खोचला आणि पाण्यातून बाहेर आली.

सासूने लेक परत तिच्याकडे दिली. “भिजलीस. डोकं पूस आधी.”

संध्याकाळी पाणी उतरलं. आधी खुंट्याचा शेंडा वर आला, शेवाळ चिकटलेला, मग सगळा खुंटा. होडी त्याच्याशेजारी चिखलात शांत टेकली होती.

सगळ्यात मोठी ओहोटी होती तेव्हा घाटावरची फुलं घेऊन देवळात गेली. गुरव म्हणाला, “आज पाणी पार खाली गेलंय गो.”

“बघून आले,” ती म्हणाली, आणि फुलं वाहिली.

तिसऱ्या दिवशी बातमी आली की जाळीवाल्याची होडी दोन गावं पलीकडे खारफुटीत अडकली आहे. ती आणायला जायची कशी? त्यासाठीही होडीच हवी. घाटावरचीने आपली काढली, त्याला बसवलं, आणि वल्ही हातात घेतली.

जाळीवाला मान खाली घालून म्हणाला, “मी जन्मभर खाडीत राहिलो आणि मीच दोरी तोडली. तू तर घाटावरची. तुला भीती वाटली नाही?”

“वाटली की. अजून वाटतेय,” ती वल्हं मारत म्हणाली. “पण भीती मला वाटत होती. खुंट्याला नव्हती वाटत.”

जाळीवाला हसला, आणि दुसरं वल्हं त्याने घेतलं.

म्हणून, मुलांनो आणि मुलांच्या आयांनो, ध्यानात ठेवा: सुखदुःखाचं पाणी चढतं आणि उतरतं, पण ज्या देवाशी आपली गाठ आहे तो दिसेनासा झाला तरी जागा सोडत नाही.