शाईचं पॅड

"पण साहेब, फुकट मिळालं की माणसाला त्याची किंमत नसते का?"

शिकलगार वकील चष्मा पुसत होते.

"मी तिच्याकडून चहासुद्धा घेतला नाही," श्रीनाथ म्हणाला. "एवढं खपून अर्ज लिहिला. कुणाकडून तरी वाचून घेईल म्हणून एक प्रत घरी दिली, बघून सांगते म्हणाली. आज चौथा दिवस. बाई अंगठा द्यायला येतच नाही!"

"कोण बाई?"

"गोदाक्का लाटवडे. पेठेत एका खोलीत भाड्याने राहते. मालकाच्या मुलाने नळ तोडला, आणि उद्या खोलीला कुलूप घालतो म्हणून सांगून गेलाय. आज अकरा वाजता अर्ज दिला तर कोर्टाकडून मनाईहुकूम मागता येईल. नाहीतर उद्या तिचं बोचकं रस्त्यावर."

साहेबांनी कोर्टासमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून गोरगरिबांची कामं फुकट करायला घेतली, त्याला चाळीस वर्षं होऊन गेली होती. श्रीनाथ त्यांचा सगळ्यात नवा शिष्य. पोरगं हुशार, कळकळीचं, आणि राग कायम नाकावर. साहेबांचा त्याच्यावर जीव होता. हे तालुक्यात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त श्रीनाथला नव्हतं.

"दाखव अर्ज."

श्रीनाथने मोठ्या ऐटीत कागद पुढे केला. साहेब पहिल्याच ओळीवर थांबले.

'अर्जदार ही गरीब, अडाणी, अबला व निराधार विधवा असून...'

"हे कुठून आणलंस?"

"असंच लिहितात साहेब. तुमच्या जुन्या फायलींतूनच घेतलंय."

साहेबांना खोकला आला. तो बराच वेळ टिकला.

"तिला वाचून दाखवलंस?"

"खाली छापलेलंच आहे की. 'वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो खरा व बरोबर आहे.'"

"छापलेलं मी वाचलं. तू वाचून दाखवलंस का?"

श्रीनाथ बॅगेचा पट्टा नीट करू लागला.

"कोट घाल," साहेब उठत म्हणाले. "चल."

गोदाक्का तिच्या खोलीत नव्हती. शेजारच्या घरी न्हाणीत पाटावर बसली होती, दोन्ही पाय लांब सोडून. पायांवर महिन्याभराचं बाळ पालथं घातलेलं. बाळ आकांत करत होतं आणि गोदाक्का निवांतपणे त्याच्या पाठीवर ऊन ऊन पाणी ओतत होती.

"या वकीलसाहेब. जरा लांब बसा, अंगावर पाणी उडंल."

"अक्का, साडेनऊ वाजले. आधी अंगठा..."

साहेबांनी श्रीनाथच्या मनगटावर हात ठेवला. दोघे ओट्यावर बसले.

बाळाचं न्हाणं झालं. धुरी झाली. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ आईच्या हवाली करून, पदराला हात पुसत गोदाक्का बाहेर आली आणि त्यांच्यासमोर बसली. तिच्या पायांच्या नडग्या अजून ओल्या होत्या.

"अक्का, अर्ज आवडला नाही का?" साहेबांनी विचारलं.

"अर्ज ब्येस हाय," ती म्हणाली. "पर त्यातली बाई मी न्हवं."

"म्हणजे?" श्रीनाथ म्हणाला.

"निराधार लिवलंय तुमी. आवो, निम्मी पेठ ह्या पायांवर न्हाऊन मोठी झाली. मला भाईर काढाय निघालेला दिलप्या, त्योबी ह्याच पायांवरचा. लई रडका हुता. आजबी त्याच्या आईला बरं नसलं की पयलं मलाच हाक मारतोय. आन मी निराधार? शपथ घिऊन एवढं खोटं कसं बोलू?"

"तसं लिहिलं की न्यायाधीशांना दया येते, अक्का."

"तुला आलीच होती की दया," साहेब हळूच म्हणाले. "तरी अर्ज अडला."

श्रीनाथने मान वळवली. समोर अक्काच्या खोलीच्या भिंतीवर तुटक्या नळाचं तोंड चिंधीने बांधलेलं होतं. अर्जात त्याने तीनदा 'नळ' लिहिलं होतं, पण नळ पाहिला आज.

तो ओट्यावरून उतरला. खाली, तिच्यासमोर मांडी घालून बसला. पेन काढलं.

"सांगा अक्का. काय लिहू?"

गोदाक्काने थोडा विचार केला.

"ल्ह्या... मी तीस वर्सं हितं ऱ्हाते. बाळबाळंतिणीला न्हाऊ घालते. माझ्याच खोलीत पानी तापवून घागरी घरोघर न्यायाच्या, असं काम. पान्याबिगर माझं चालत न्हाई, म्हणून नळ पायजे. आन खोली पायजे. दया नगं." जरा थांबून ती म्हणाली, "आन दिलप्याला शिक्षा बिक्षा नगं. लई बावळट हाय त्यो."

श्रीनाथने पहिलं पान नव्याने लिहून काढलं. मग सगळा अर्ज मोठ्याने वाचून दाखवला, अगदी शेवटच्या छापील ओळीपर्यंत. गोदाक्काने मन लावून ऐकला आणि एक चूक काढली. तीस नव्हे, एकतीस वर्षं.

त्याने आकडा दुरुस्त केला. मग नेहमीच्या सवयीने बॅगेतून शाईचं पॅड काढलं, झाकण उघडलं आणि तिच्यापुढे धरलं.

गोदाक्काने पॅड बाजूला सारलं. त्याच्या हातातलं पेन घेतलं. कागदावर वाकून, एकेका अक्षरापाशी थांबत तिने लिहिलं: गोदावरी बाबू लाटवडे. शेवटी सगळ्यावर एक लांबलचक रेघ ओढली.

श्रीनाथ बघतच राहिला.

"तुम्हाला सही येते?"

"साक्षरतेच्या वर्गाला जात हुते की. तुमचा अर्जबी मीच वाचला. दोन दिस लागले, पर वाचला."

"मग... त्या दिवशी वकीलपत्रावर अंगठा का दिलात?"

"तुमी पॅड फुडं केलंसा." गोदाक्का हसली. "म्हटलं, पोरगं एवढं फुकट राबतंय. कशाला त्याचं मन मोडा?"

श्रीनाथचे कान लाल झाले. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तरीही ही बाई त्याला एकदम फार आवडली. साहेब दुसरीकडे बघत होते. त्यांच्या खांद्यांवरून ते हसत असावेत असं वाटत होतं.

दहा वाजले होते.

"साहेब, वकीलपत्रही नवं करावं लागेल," श्रीनाथ घाईघाईने म्हणाला. "एका कागदावर अंगठा, दुसऱ्यावर सही, कोर्ट विचारणारच. कोरं आहे माझ्याकडे."

त्याने बॅगेतून कोरं वकीलपत्र काढलं, स्वतःचं नाव घातलं आणि गोदाक्काच्या पुढ्यात ठेवलं. फुली मारलेली सहीची जागाही दाखवली.

साहेबांनी ते उचललं. घडी घातली. स्वतःच्या मांडीखाली ठेवून दिलं.

"साहेब, वेळ होतोय..."

"आधी तिला विचार."

"काय विचारू?"

साहेबांनी शाईच्या पॅडचं झाकण लावलं.

"वकील म्हणून तू चालशील का."