मोडक्या पंखाची मिरवणूक

एक होतं रान. रानात पाणवठा होता, आणि पाणवठा होता म्हणून राजा होता. राजाचं नाव मगरोबा. तो पाण्यात बसून राज्य करायचा. पाणी प्यायला आलेल्यांपैकी रोज एकाला तो ठेवून घ्यायचा आणि बाकीच्यांना जाऊ द्यायचा. बाकीचे त्याला दयाळू म्हणायचे.

मग बर्फाच्या देशातून पांढरी अस्वलं आली. मगरोबाचा जुलूम त्यांना बघवेना. इतक्या लांबून त्यांना तो दिसला कसा, हे कुणी विचारलं नाही. अस्वलांनी मगरोबाला धरून नेलं. पुढे त्याचं काय झालं ते कळलं नाही. एवढंच, की काही अस्वलांच्या कमरेला नवे पट्टे दिसू लागले.

अस्वलांना इथलं ऊन सोसायचं नाही आणि इथले प्राणी ओळखू यायचे नाहीत. चितळ काय, सांबर काय, नीलगाय काय, त्यांच्या लेखी सगळं "ते शिंगवालं". पाण्यावर तर ही गर्दी. शेवटी एका हुशार अस्वलाने रस्त्याकडेच्या झाडांना लावतात तो रंग मागवला. सकाळी पाण्यावर येईल त्याच्या पाठीवर गेरूचा पट्टा, संध्याकाळी येईल त्याच्या पाठीवर चुन्याचा. गेरूवाल्यांनी सकाळी प्यायचं, चुनेवाल्यांनी संध्याकाळी. रंगवायला सुरुवात झाली त्या दिवशी जो लवकर उठला तो गेरूवाला झाला, जो लोळत पडला तो चुनेवाला. एकाच बिळात राहणारे दोन तरस होते, सख्खे भाऊ. थोरल्या आबासाहेबांना पहाटे भूक लागायची, ते गेरूवाले झाले. धाकटे नानासाहेब झोपाळू, ते चुनेवाले.

धोंडाई टिटवीला मात्र रंग लागला नाही. ती पाण्याकाठच्या गोट्यांतच राहायची आणि तहान लागली की प्यायची. शिवाय ती नोकरीत होती. पाळी बदलायची वेळ झाली की तिने ओरडायचं, एवढंच काम. अस्वलांनी तिच्या ओरडण्याला "यंत्रणा" असं नाव दिलं होतं.

अस्वलांच्या कप्तानाचं निरोपाचं भाषण
(ऐन पाळी बदलायच्या वेळी झाल्यामुळे जेवढं ऐकू आलं तेवढं)

"माझ्या रानबंधूंनो! आमची मोहीम फत्ते टिटिव-टिव! आम्ही तुम्हाला स्वातंत्र्य दिलं, रांग दिली आणि टिव-टिटिव! यापुढे हे रान तुमचं आहे आणि जे काही होईल त्याची टिव! आम्ही निघून चाललो असलो तरी लांबून अतिशय बारकाईने टिटिव! चिंता व्यक्त करत राहू. आणि त्या पक्ष्याला कुणीतरी टिव!"

टाळ्या पडल्या. कप्तान तंबू गुंडाळायला लागला, तशी धोंडाई त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"साहेब, माझी अंडी उघड्यावर आहेत. इथेच, गोट्यांत. तुम्ही गेल्यावर इथे काय होईल सांगता येत नाही."

"कुठे आहेत?" कप्तानाने खाली बघितलं. त्याला गोटेच दिसले.

"तुमच्या पायाशी."

कप्तान दचकून मागे सरला. चारही अंडी गोट्यांसारखीच, मातकट, ठिपक्याठिपक्यांची. टिटवीच्या घराण्यात घरटं बांधायची पद्धत नाही. अंडं दिसत नाही, हेच त्याचं घर.

"बाई," कप्तान म्हणाला, "अंडी हा तुमचा अंतर्गत प्रश्न आहे."

अस्वलं गेली. जाताना त्यांनी तंबू नेले, बर्फ नेला, ओढ्यावरचा पूलसुद्धा उचलून नेला. मागे राहिली रंगाची दोन पिंपं, एक कुंचा, आणि मोहफुलं, बोरं, जोंधळ्याने गच्च भरलेलं कोठार. कोठाराच्या एका दारावर गेरूवाल्यांनी पहारा बसवला, दुसऱ्या दारावर चुनेवाल्यांनी. दोघांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता, म्हणून कोठार अगदी सुरक्षित होतं.

सुरुवात

एका चुनेवाल्या चितळाला पहाटेच तहान लागली, म्हणून तो सकाळी पाणी प्यायला.

एवढंच.

दुपारपर्यंत गेरूवाल्यांना कळलं की आपली सकाळ विटाळली. सूर्य उगवताना तांबडा असतो, म्हणजे सूर्य आपला, असं एका म्हाताऱ्या वानराने सांगितलं. पलीकडच्या झाडावरच्या म्हाताऱ्या वानराने चंद्राकडे बोट दाखवलं. ही दोन्ही वानरं लहानपणी एकमेकांच्या उवा काढायची. आता त्यांनी एकमेकांच्या उवांनाही नावं ठेवली.

मग घोषणा आल्या.

*पहाटेचं पाणी, पहिलं पाणी!*
*सांजेचं पाणी, निवळ पाणी!*

दोन्हींचा ताल एकच होता. त्यामुळे मोर्चे समोरासमोर आले की ऐकणाऱ्याला भजन चाललंय असं वाटे. मग दगड येत.

गोमाजी सशाची चौकशी

गोमाजी ससा वयस्कर. अंगावरचे केस गळाले तसा त्याच्या पाठीवरचा पट्टाही गेला. कुठला होता ते त्याचं त्यालाच आठवेना. गेरूवाल्यांच्या चौकीवर त्याला अडवलं.

"काका, पाणी कधी पिता?"

"तहान लागली की."

"म्हणजे सकाळी की संध्याकाळी?"

"अरे पोरांनो, तहान काय विचारून लागते का?"

गेरूवाल्यांना हे उत्तर चुनेवाल्यांसारखं वाटलं. त्यांनी त्याचा एक कान तोडला. रक्तबंबाळ गोमाजी जीव घेऊन पुढे पळाला, तर चुनेवाल्यांची चौकी. त्याच्या पाठीवर तांबडं ओघळलेलं बघून त्यांनी काही विचारलंच नाही.

गोमाजीला दोन्ही बाजूंनी हुतात्मा जाहीर केलं. अंत्यविधी तरसांकडे होता. आबासाहेब आता गेरूवाल्यांचे पुढारी होते आणि नानासाहेब चुनेवाल्यांचे; आपापल्या बाजूचे सगळे अंत्यविधी तेच करत. विधी इतका चोख असे की शेवटी काहीच शिल्लक राहत नसे. गोमाजीचा विधी दोघा भावांनी मिळून केला. दुःखाच्या प्रसंगी राजकारण आणायचं नाही, असं दोघेही तोंड पुसत म्हणाले. दोघांच्याही अंगावर चांगलं तेज आलं होतं.

धोंडाईने हे गोट्यांवरून पाहिलं आणि ती अंड्यांवर आणखी दबून बसली.

हुकूम

बर्फाच्या देशातून चिंता व्यक्त झाली. सोबत सल्लाही आला: निवडणूक घ्या. ज्या रंगाची डोकी जास्त, पाणी त्याचं.

डोकी मोजली. दोन्हीकडे सारखी. पुन्हा मोजली. सारखीच. मधल्या काळात दोन्ही बाजूंनी एकमेकांची थोडी कमी केली होती, पण तीही सारखीच. तेव्हा कुणाला तरी अंडी आठवली.

कुंचा घेऊन एक रानडुक्कर आला. सोबत पंच म्हणून एक मुंगूस होता. अंडी बघून त्याच्या तोंडाला पाणी सुटलं, पण तो कामावर होता.

"अंडी कुणाची?" डुकराने विचारलं.

"माझी."

"तसं नाही हो बाई. कुठल्या रंगाची?"

"मातीच्या."

"असा रंग आमच्याकडे नाही." डुक्कर वैतागला. "हे बघा, आज रंगवून घेतली तर चारी पोरांना जन्मतःच पाण्याचा हक्क. उद्या दुपारपर्यंत ठरवा. नाही ठरवलंत तर दोन्ही पक्ष इथे येऊन काय ते ठरवतील."

"दादा, रंग लावला की अंडं दिसतं. वर घारी आहेत. दिसलं की गेलं."

"मतदानाच्या दिवसापर्यंत टिकलं म्हणजे झालं," मुंगूस म्हणाला.

ते गेल्यावर धोंडाईचा नवरा सखोबा पाण्याकडे तोंड करून म्हणाला, "अगं, गेरू लावून टाकू. आबासाहेब ओळखीचे आहेत."

"गोमाजी भावजीही त्यांच्या ओळखीचेच होते ना?"

सखोबाने चोचीने दोन अंडी बाजूला सारली. "मग दोन गेरूची करू, दोन चुन्याची."

"अहो, म्हणजे आपल्याच घरात चौकी बसवायची?"

"मग तू सांग काय करायचं!"

"तुम्ही बसा अंड्यांवर," धोंडाई म्हणाली. "आई करायची तेच करते."

लढाई

(इथे लढाईचं वर्णन होतं. पहिला अर्धा भाग गेरूवाल्यांनी गेरूने पुसला, दुसरा चुनेवाल्यांनी चुन्याने. मधली पट्टी तेवढी उरली आहे. टिटवी त्या पट्टीतच होती.)

भर दुपारी गोट्यांच्या मैदानावर एका बाजूने गेरूसेना आली, दुसऱ्या बाजूने चुनासेना. खूर, सुळे, शिंगं. मधोमध चार अंडी आणि त्यांच्यावर डोळे मिटून बसलेला सखोबा. आणखी दहा पावलांत सगळं तुडवलं गेलं असतं.

तेवढ्यात धोंडाई गोट्यांतून बाहेर आली. तिचा डावा पंख जमिनीवर लोळत होता. ती एका पायाने लंगडली, पडली, किंचाळली, उठली, पुन्हा पडली. टिटव्यांच्या आया हे पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत. अंड्याजवळ कोल्हा आला की मोडक्या पंखाचं सोंग करायचं आणि त्याला लांब न्यायचं. कोल्ह्यावर चालतं. जनतेवर कुणी करून पाहिलं नव्हतं.

"अरे, टिटवीबाईंचा पंख मोडला!" गेरूसेनेतून आवाज आला. "चुनेवाल्यांनी मोडला!"

"आपल्या माऊलीला गेरूवाल्यांनी मारलं!" चुनासेना ओरडली.

एका क्षणात टिटवी दोघांचीही माऊली झाली. तिला दोघांनी कधी साधं विचारलंही नव्हतं, बाई, पाणी प्यायलीस का.

"धरा तिला!" गेरूसेनापती ओरडला. "तिचा सत्कार करायचा आहे!"

"आधी आम्ही करणार!"

धोंडाई लंगडत माळाकडे निघाली. मागे दोन्ही सेना. ती थोडी थांबायची, कण्हायची, जवळ आले की फरफटत पुढे सरकायची. कोठाराच्या पहारेकऱ्यांना वाटलं आपण मागे राहिलो तर आपल्याला गद्दार म्हणतील. तेही भाले टाकून धावले. वाटेत घोषणा बदलली.

*टिटवीबाईंचा पंख, आमच्या काळजाचा डंख!*

ही घोषणा दोन्हीकडून एकदम आली आणि दोन्हीकडे जुळली. धावता धावता घाम सुटला. घामाने पाठीवरचे पट्टे ओघळले आणि पोटाखाली जाऊन एकमेकांत मिसळले. आपल्या शेजारी कोण धावतंय हे कुणाला कळेना. तेवढा वेळ त्या रानात शांतता होती असं म्हणायला हरकत नाही.

लांबच्या बोडक्या टेकडीवर पोचल्यावर धोंडाईने दोन्ही पंख उघडले आणि ती उडाली.

खाली सगळे बघत राहिले. "शहीद झाल्या," कुणीतरी हळूच म्हणालं. सगळ्यांनी मान खाली घातली.

भर दुपारी पाण्यावर

ती परत आली तेव्हा सखोबाने अजून डोळे उघडले नव्हते. त्याच्याखाली चारही अंडी जशीच्या तशी. धोंडाई गोट्यांत उतरते न उतरते, तोच तिला चावण्याचा आवाज आला.

पाण्याच्या काठी आबासाहेब आणि नानासाहेब शेजारी शेजारी बसले होते. पुढारी धावत नसतात. कोठाराची दोन्ही दारं सताड उघडी होती आणि दोघांच्या मिशांना मोहाचा चिकटा होता. एकमेकांना लागून, एकाच जागी, दोघे बोरं चावत चावत पाणी पीत होते. वेळ सकाळचीही नव्हती आणि संध्याकाळचीही.

"या, बाई," आबासाहेब आदराने म्हणाले. "पंख कसा आहे?"

"बरा आहे."

"दुखतोय का?"

"नाही."

दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं.

"बाई, आम्ही इतकी भाषणं केली," नानासाहेब म्हणाले. "अख्खं रान एकाच वेळी एकाच दिशेला गेलेलं बघितलं नाही कधी. कोठाराचे पहारेकरीसुद्धा! आम्हाला शिकवाल का?"

"आणि नाही शिकवलं तर?"

आबासाहेबांनी पाण्यात पाय बुडवून धुतला. मग शांतपणे पिंपावरच्या कुंच्याकडे पाहिलं.

धोंडाईने सखोबाकडे पाहिलं. सखोबाने शेवटी डोळे उघडले होते, आणि तो पुन्हा मिटायच्या बेतात होता.

"अंड्यांना रंग लागणार नाही," ती म्हणाली. "कधीच. कुठलाच."

"शब्द दिला," दोघे भाऊ एकदम म्हणाले.

तिने शिकवलं. आधी कण्हायचं, मग लंगडायचं. जखम दाखवायची, पण हात लावू द्यायचा नाही. आणि मुख्य म्हणजे, जिथे खरं काही असेल तिथून लांब पडायचं. आबासाहेबांना लगेच जमलं. नानासाहेब आधी दोन्ही पायांनी लंगडायचे.

समारोप

निवडणूक झाली. मतं समसमान पडली, म्हणून दोघे भाऊ आळीपाळीने राज्य करतात. बर्फाच्या देशातून अभिनंदन आलं. गोमाजीच्या नावाने चौक झाला. त्या चौकात चौकी आहे.

तेव्हापासून पाणी आटलं, कोठारातलं कमी का झालं असं कुणी विचारलं, की आबासाहेब लंगडायला लागतात. आपल्या समाजाचा पंख मोडला, असं रडत रडत सांगतात आणि माळाकडे निघतात. मागे सगळे गेरूवाले. दुसऱ्या बाजूने नानासाहेब लंगडत येतात, मागे सगळे चुनेवाले. टेकडीवर पोचल्यावर मारामारी होते. मागे कोठाराकडून कडाकडा चावण्याचा आवाज येत राहतो. तरसांचं कुटुंब आता मोठं झालं आहे.

अंडी फुटली. चारी पिलं निघाली, मातीच्या रंगाची. टिटवीची पिलं जन्मल्याबरोबर धावतात. कुणी लंगडताना दिसला की ही चौघं त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत. ती उलट्या दिशेला, थेट कोठाराकडे धावत सुटतात आणि गळा फाडून ओरडतात.

त्यांना मत नाही. पाठीवर पट्टा नसल्यामुळे त्यांची नावं यादीत घेता आलेली नाहीत.