सटवाजीचा डोळ्यावरचा टोला

सावरमाळला विजेचे खांब आले नव्हते, संस्थानचे सरकार हत्तीवरून गावोगाव फिरायचे, आणि पोरं दिवसभर उन्हात खेळली तरी आया फक्त जेवायलाच हाका मारायच्या, त्या काळची ही गोष्ट. सगळे सरकून बसा. मधेच कुणी उठलं तर मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करीन, आधीच सांगून ठेवते.

तर सावरमाळात गोंदाजी सुताराचा एक मुलगा होता, सटवाजी. बाप नांगर करायचा, हा दांडू करायचा. बाप कुळव तासायचा, हा विटी तासायचा. गोंदाजी कपाळावर हात मारून म्हणायचा, "अरे, विटीदांडू खेळून कुणाच्या घरची चूल पेटलीय का?" सटवाजी म्हणायचा, "पेटेल, बाबा." एवढंच. बडबड्या नव्हताच तो. पण एकदा एखादी गोष्ट मनात धरली की धरली.

एकदा सरकारांचा हत्ती माळावरून चालला होता आणि सटवाजीनं टोला हाणला. विटी थेट हौद्यावरून गेली आणि जाता जाता माहुताचा फेटा घेऊन गेली, असं म्हणतात. माहूत बोडका! सरकार इतके हसले, इतके हसले, की हत्तीही थांबून बघायला लागला. सरकारांच्या पदरी पैलवान होते, गवई होते. त्या दिवशी त्यांनी दांडूचंही पथक काढलं आणि सटवाजीला त्यात पहिल्यांदा पगारावर ठेवलं. दांडूच्या जिवावर घरी धान्य आणणारा आपल्या मुलखातला तो पहिला माणूस. गोंदाजी आठ दिवस कुणाशी बोलला नाही, आणि मग ज्याला त्याला धरून तेच सांगत सुटला.

पुढं कितीतरी वर्षं सटवाजी खेळला. त्याची विटी आली की वरच्या घारी बाजूला व्हायच्या, असं म्हणतात. आणि मग एका दसऱ्याला घात झाला. समोरच्या गड्याचा टोला तिरका सुटला आणि विटी सटवाजीच्या डाव्या डोळ्यात घुसली. वैद्यानं पाला बांधला, लेप लावले, पण डोळा गेला तो गेलाच.

आता त्या पथकाची एक रीत होती, मेली! गडी जायबंदी झाला की त्याचा दांडू येत्या होळीत टाकायचा. दांडू जळला की तो गडी संपला, पुन्हा त्यानं मैदानात पाय ठेवायचा नाही. सटवाजीनं सरकारांपुढं जाऊन हात जोडले. "होळीच्या दिवशी एक डाव द्या. हरलो तर माझ्या हातानं दांडू आगीत घालीन." सरकारांना वाईट वाटलं. ते म्हणाले, "दिला."

डाव मिळाला, पण खेळायचं कसं? एका डोळ्याला विटी जवळ आहे की लांब, तेच कळेना. दांडू फिरवला की विटी खाली पडलेली. दिवसामागून दिवस तेच. सटवाजीचे तळहात सोलून निघाले, पण तो माळावरून हलेना. शेवटी त्याची बायको मुक्ता भाकरी घेऊन आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, तो एकटा डोळा तुम्हाला फसवतोय, आणि तुम्ही त्याचंच ऐकताय! मिटा की तोही."

सटवाजीला ते पटलं. त्या दिवसापासून तो डोळ्यावर फडकं बांधून खेळू लागला. विटी उडाल्याचा आवाज ऐकायचा, मनात एक श्वास मोजायचा आणि दांडू फिरवायचा. चुकलं की मुक्ता सांगायची, "उशीर झाला," नाहीतर "घाई झाली." फडकं घामानं कुजलं, दुसरं बांधलं. कानालाच डोळा फुटला त्याच्या, असं म्हणतात.

होळीचा दिवस आला. माळावर लाकडं रचलेली, एका अंगाला सरकार बसलेले, आजूबाजूची चारी गावं लोटलेली. सटवाजीच्या जागी पथकात आलेला नवा गडी होता हैबती. अंगानं धिप्पाड आणि नाक आभाळात. ठरलं असं, की ज्याचा टोला लांब जाईल तो जिंकला. हैबतीनं आधी हाणला, तो ओढ्याकाठच्या वडापाशी जाऊन पडला. लोकांनी तोंडात बोटं घातली.

मग सटवाजीनं गलीवरून, म्हणजे जमिनीतल्या त्या छोट्या खळग्यावरून, दांडूनं विटी कोलली. तुम्हाला खेळ माहीत आहे ना? कोललेली विटी पडते तिथून गलीपर्यंत दांडूनं मोजायचं, वकट, लेंड, मूंड, पुढं डोळा, अशी नावं घेत. ज्या नावावर मोजणी संपेल, तसा पुढचा टोला. वकट आलं तर पायावरून, मूंड आलं तर मुठीवरून. आणि डोळा आला, तर मिटलेल्या डोळ्यावर विटी ठेवायची, मान झटकून ती सोडायची आणि पडता पडता हाणायची.

सटवाजीनं कोललेली विटी समोर झेलायला उभ्या हैबतीच्या सरळ हातात येत होती. झेल घेतला असता तर सटवाजी तिथंच बाद! पण नाही. हैबतीला नुसतं जिंकायचं नव्हतं, त्याला चारी गावांना हसवायचं होतं. अंतर हेरून त्यानं विटी पायानं अशी अडवली, की मोजणी बरोबर डोळ्यावर येऊन थांबली. मग तो ओरडला, "उजव्या हाताचा गडी, तर विटी उजव्या डोळ्यावर! रीत म्हणजे रीत!" म्हणजे चांगल्या डोळ्यावर. म्हणजे दोन्हीकडं अंधार. कुणी हसलं, कुणी हळहळलं. सरकारांनी मान खाली घातली. मुक्ता तेवढी हसली, पदरात तोंड लपवून.

सटवाजीनं उजवा डोळा मिटला आणि त्यावर विटी ठेवली. त्यानं मान झटकली, मनात एक श्वास मोजला आणि दांडू फिरवला.

टण्ण!

विटी होळीवरून गेली, वडावरून गेली, ओढ्यापलीकडं गेली आणि नुकत्याच उगवलेल्या पुनवेच्या चंद्राला जाऊन लागली, असं म्हणतात. चंद्र जरासा थरथरला. त्याच्यावर तो काळा डाग दिसतो ना, तो तेव्हाचाच. चार गडी अंतर मोजायला निघाले, पहाटेपर्यंत मोजत राहिले आणि पाय सुजवून परत आले.

सरकार उठून आले. "माग, काय हवं ते." सटवाजी म्हणाला, "पगार चालू ठेवा. आणि कुठल्याच गड्याचा दांडू पुन्हा आगीत जाऊ देऊ नका." सरकारांनी तिथल्या तिथं शब्द दिला. हैबती मान खाली घालून उभा होता. सटवाजी त्याला म्हणाला, "झेल येत असला तर घ्यावा, बाबा."

केस पांढरे होईतो सटवाजी पथकातून खेळला. मग एका होळीच्या संध्याकाळी त्यानं तोच दांडू उचलला आणि मुक्ताला म्हणाला, "ती मोजणी अर्धीच राहिलीय. करून येतो." ती म्हणाली, "भाकरी घेऊन जा बरोबर." तो वाकून माळावर दांडू टाकत निघाला, वकट, लेंड, मूंड. आवाज ओढ्यापलीकडं गेला, टेकाडावर गेला, मग चंद्राच्या बाजूला गेला. तो काही परत आला नाही.

म्हणून आजही सावरमाळात होळी लगेच पेटवत नाहीत. पोरं कुठून कुठून लाकडं पळवून आणतात, त्यात काय येईल त्याचा नेम नाही. गावातलं सगळ्यात म्हातारं माणूस डोळे मिटून त्या ढिगात हात घालतं, लाकूड न् लाकूड चाचपतं आणि मोठ्यानं विचारतं, "कुणाचा दांडू आहे का रे यात?" सगळं गाव ओरडतं, "नाही!" मगच आग लावतात. आणि एखाद्या वर्षी दांडू सापडलाच, तर तो पुसून ज्याचा त्याला परत देतात आणि म्हणतात, "जा, खेळ. तुझा डाव संपलेला नाही."